पाऊस थांबल्यानंतरचे तीन दिवस

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत बेंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या उत्तरेला हेसरघट्टा, दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी या पट्ट्यात नाचणीची काढणी चालते. बंगालच्या उपसागरात वादळे उठतात तीही याच दिवसांत. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागले आणि त्याचा गार पाऊस इथपर्यंत आला. अशा वादळाचा वारा इथे क्वचितच झाडे पाडतो. नुकसान करते ती दिवसरात्र चाललेली झड आणि तिच्यामागून येणारे ढगाळ दिवस.

नोव्हेंबर २०२१ मध्ये येलहंक्याचा तलाव भरून वाहिला, केंद्रीय विहार वसाहतीत पाणी शिरले आणि लोकांना बोटी-ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे पुन्हा तेच झाले. शहरातले हे हाल सगळ्या देशाने पाहिले. २०२१ च्या त्याच पावसात बेंगळुरू ग्रामीण, कोलार, चिक्कबळ्ळापूर भागात कापून पसरलेली नाचणी शेतातच कोंब धरत होती, तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. शेतकऱ्याला मदत लागते ती बोटीची नाही. त्याला एक ताडपत्री, डिझेलचा एक पंप आणि चार माणसे हवी असतात, आणि तीही उघडीप मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत.

पहिले काम फोटोचे. शेतातले काहीही हलवण्याआधी मोबाइलचे लोकेशन चालू करून फोटो काढा. पीक विम्यात नुकसान ७२ तासांच्या आत कळवावे लागते. कापून वाळायला पसरलेल्या पिकाचे चक्रीवादळाने किंवा अवकाळी पावसाने नुकसान झाले, तर कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत दावा करता येतो. ही तरतूद आपल्या भागाच्या अधिसूचनेत आहे का, ते पावतीवरून पडताळून घ्या. विम्याची मदतवाहिनी १४४४७ आहे. विमा नसेल तरी गप्प बसू नका. तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर आपत्ती निधीतून दोन हेक्टरपर्यंत मदत मिळते; केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत ती कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये होती. झालेल्या खर्चापुढे ही रक्कम तुटपुंजीच आहे, पण पंचनाम्यात नाव नसेल तर तीही हातून जाते. पहाणी (जमिनीचा उतारा), आधार, बँकेचे पासबुक आणि ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणीचा क्रमांक एकाच पिशवीत ठेवा. ज्या मराठी कुटुंबांनी इथे जमीन घेतली आहे पण कन्नड लिहिता येत नाही, त्यांनी शेजाऱ्याला अर्ज भरून द्यायला सांगण्यात संकोच करू नये. ज्यांना लिहिता येते त्यांनी न सांगता विचारावे, कारण सगळ्या मदतींत ही सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाची.

आता पिकांकडे वळू. नाचणीच्या ओल्या पेंढ्यांची उडवी रचू नका, आत ऊब धरून दाणा काळा पडतो आणि उगवतो. कणसे वर राहतील अशा पेंढ्या उभ्या करा किंवा बांधावर, उंच जागेवर पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा उलटा. मळणीची घाई नको. साठवताना दाण्यात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहू देऊ नका. बुरशी आलेला पेंढा जनावरांपुढे अजिबात टाकू नका.

द्राक्षबागेत आधी चर मोकळे करा. बेंगळुरू ब्लूची साल जाड असली तरी एकदम जास्त पाणी मिळाले की मणी तडकतात आणि घडात कूज शिरते. तडकलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर पुरा. पाने सुकल्यावरच डावणीची फवारणी करा, आणि काढणी जवळ असेल तर औषधाच्या प्रतीक्षाकाळाकडे डोळेझाक नको. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर निफाडच्या बागायतदारांनाही हीच कामे करावी लागली. तिथे जखम खोल होती, पण क्रम हाच होता.

टोमॅटोत पाणी एक दिवसापेक्षा जास्त साचले तर मुळे गुदमरतात. झाड पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया टाकू नका. आधी निचरा करा, वाफसा येऊ द्या, मग लिटरला पाच ग्रॅम १९:१९:१९ फवारा. पॉलिहाऊसमध्ये जरबेराच्या मध्यभागी बसलेला गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, नाहीतर तिथूनच कूज सुरू होते. भिजलेली मोटार वाळवून, तपासून घेतल्याशिवाय स्टार्टर दाबू नका. तुटलेली तार दिसली तर लांब राहा आणि १९१२ या वीज मदतवाहिनीवर कळवा.

रेशमाचे शेतकरी सर्वात घाईत असतात, कारण अळी थांबत नाही. ओला पाला घातला तर रोग येतो, आणि गार दमट हवेत मस्कार्डिन हा बुरशीचा रोग पसरतो. पाला सावलीत पसरून निथळू द्या, बेडवर चुना धुरळा, खिडक्या दुपारी उघडा. ज्याची तुती उंचावर आहे किंवा ज्याचे पीक नुकतेच कोषात गेले आहे, त्याने पाला शेजाऱ्याला द्यावा. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना दोन दिवस पाला कमी पडला तर महिन्याची मेहनत जाते.

ही देवघेव जुळवायची कुठे? माझ्या मते गावातल्या दूध डेअरीवर. सकाळ-संध्याकाळ तिथे जवळजवळ प्रत्येक घरातले कुणीतरी येते, आणि जो आला नाही त्याच्याकडे काहीतरी बिघडले आहे हेही तिथेच कळते. भिंतीवर एक कागद लावा, त्यावर दोन रकाने करा, हवे आणि आहे. ‘काही लागले तर सांगा’ असे कुणी म्हटले की कुणीच सांगत नाही. ‘माझा पाच अश्वशक्तीचा पंप उद्या दुपारनंतर मोकळा आहे’ असे लिहिले की माणूस येतो. मागणाऱ्यानेही तसेच नेमके लिहावे: किती गुंठे, काय, किती वाजता. विधवा बाई, म्हातारी जोडपी आणि वाट्याने शेती करणारे बहुधा काही लिहीत नाहीत, त्यांच्या शेतावर कुणीतरी चालत जाऊन यावे. वाटेकऱ्याच्या नावावर पहाणी नसते, म्हणून मालकाने मिळालेली भरपाई त्याच्याशी वाटून घ्यावी, आणि हे पंचनाम्याच्या दिवशीच चारचौघांत ठरवावे.

येलहंक्यातल्या सोसायट्यांना मदत करायची असेल तर जुने कपडे गोळा करू नका. २०२० च्या टाळेबंदीत बेंगळुरूच्या कितीतरी सोसायट्यांनी द्राक्षे आणि भाजी थेट शेतकऱ्यांकडून घेतली होती. डाग पडलेला पण खाण्याजोगा माल वादळानंतर तसाच घ्या, पैसे त्याच दिवशी द्या.

कर्नाटकाचे नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र येलहंक्यातच आहे. त्याची पर्जन्यमापके ग्रामपंचायतीपर्यंत पोचली आहेत आणि ‘वरुणमित्र’ या दूरध्वनी सेवेवर शेतकऱ्याला आपल्या भागाचा अंदाज विचारता येतो. नाचणी कापण्याआधी एक फोन करा. पिकाच्या शंकांसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, शिवाय जवळ जीकेव्हीकेचे कृषी विद्यापीठ आणि हेसरघट्ट्याची भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे.

आणि मेंढपाळांना विसरू नका. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात गार पावसात शेकडो मेंढ्या उघड्यावर गारठून मेल्या. कळप गावाजवळ उतरला असेल तर पहिल्याच रात्री शेड किंवा शाळेचा व्हरांडा उघडून द्या, कोरडा पाला द्या, शेकोटी करा. मेलेले जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाला बोलावून पंचनामा करून घ्या. मेंढपाळाच्या नावावर जमीन नसते, त्यामुळे भरपाईसाठी त्याच्या हातात तो एकच कागद असतो.