रुपयाचा प्रश्न आणि आपला समाज

नागपूरच्या संविधान चौकाला जुनी माणसे आजही रिझर्व्ह बँक चौक म्हणतात. तेथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि जवळच रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. १४ एप्रिलला आपण पुतळ्यास हार अर्पण करतो; परंतु या दोहोंचे नाते नेमके काय, याचा अभ्यास किती जण करतात?

‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे भाषणांतून सरसकट सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, १९२३ साली ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला व १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांचे खरे मोठेपण त्यांच्या विचारात आहे, आणि तो विचार समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

त्या काळी सरकारला वाटेल तितके रुपये पाडता येत. चलन वाढले की रुपयाची किंमत घसरते, म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा हवी, असे त्यांचे मत होते. चलन चालविणाऱ्यांच्या मर्जीवर त्यांचा विश्वास नव्हता. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला लाभ होतो. परंतु भाव चढतात तितकी मजुरी चढत नाही, म्हणून तो लाभ मजुराच्या खिशातून जातो, हे त्यांनी आयोगापुढे मांडले.

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून साधे उदाहरण देतो. मजुरी १००० रुपये आहे आणि भाव शेकडा १० ने वाढले, तर पूर्वी १००० रुपयांत येणाऱ्या मालास ११०० पडतात. मजुरी न कापताही ती कापली गेली! व्यापारी भाव वाढवू शकतो. रोजंदार काय वाढविणार?

आजची रिझर्व्ह बँक हुबेहूब बाबासाहेबांच्या योजनेप्रमाणे नाही. तिला निर्णयाची बरीच मोकळीक आहे. तथापि २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन भावस्थैर्य हे पतधोरणाचे मुख्य उद्दिष्ट ठरले. महागाई ४ टक्के, फार तर २ टक्के खालीवर, असे लक्ष्य ठरले आणि व्याजदर ठरविण्याचे काम सहा सदस्यांच्या समितीकडे आले. ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. कर्ज महागले, घरांचे हप्ते वाढले. असे केल्याने मागणी मंदावते व भाव आवरतात. म्हणजे ओझे कोणावर तरी पडतेच. ते कोणावर, हाच बाबासाहेबांचा प्रश्न होता.

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ व ती साक्ष आहे. ग्रंथालयातून तो मागा, चार-चार जण मिळून वाचा. हार तर घालावाच. परंतु वाचलेले पान हे त्याहून मोठे अभिवादन आहे.

जयभीम!