शाळा-कॉलेजच्या संकेतस्थळासाठी सीएमएस निवडताना

कोटेशनं मागवण्याआधी वर्षभरात संकेतस्थळावर काय काय चढवावं लागतं, ते कागदावर उतरवा: प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या, परीक्षेची वेळापत्रकं, निविदा, नॅकचा वार्षिक अहवाल, शाळा सीबीएसईची असेल तर सक्तीच्या जाहीर माहितीचं पान. प्रत्येकापुढे ते चढवणाऱ्याचं नाव लिहा. बहुतेक नावं कार्यालयातल्या लिपिकांची निघतील. सीएमएस, म्हणजे संकेतस्थळावर मजकूर चढवायची आणि सांभाळायची प्रणाली, त्यांच्या हाताला बसणारी हवी, खरेदी समितीच्या डोळ्यांत भरणारी नव्हे.

एकट्या शाळेला किंवा कॉलेजला वर्डप्रेस पुरतं, आणि ते जाणणारी माणसं सहज मिळतात. फक्त प्लगइनची खोगीरभरती करू नका. विद्यापीठात प्रत्येक विभागाने आपलं पान सांभाळायचं, पण मंजुरीशिवाय काही झळकायचं नाही, असा मामला असेल तर द्रुपल बघा. मात्र ते जाणणारा माणूस कायम हाताशी हवा. द्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. तिथून पुढच्या आवृत्तीत जाणं म्हणजे जवळपास नवं संकेतस्थळ बांधणं. मूडल या स्पर्धेत धरू नका, ते अभ्यासक्रम शिकवण्यासाठी आहे.

मग चाचणी. लिपिकाला संगणकापुढे बसवा आणि विक्रेत्याच्या माणसाला गप्प बसायला सांगा. मराठी नोटीस टाकायची, यादी जोडायची, चुकलेली तारीख दुरुस्त करायची, जुनी नोटीस काढायची. ती नोटीस साध्या मोबाइलवर उघडा. तिच्यातलाच एक मराठी शब्द संकेतस्थळाच्या शोधात टाका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून चिकटवलेला मजकूर इथे उघडा पडतो. नोटिशीचा नुसता स्कॅन चढवला, तर तो शोधात येत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही. या चुका सीएमएस सुधारणार नाही. टायपिंगची सवयच बदलावी लागेल.

शेवटी करार. डोमेन संस्थेच्या नावावर, मुख्य पासवर्ड प्राचार्यांकडे, बॅकअप दुसऱ्या जागी, आणि सुरक्षेचे अपडेट कोण, किती दिवसांत टाकणार हे लेखी. ‘आमची स्वतःची सीएमएस आहे’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: उद्या तुम्हाला सोडलं, तर आमचा सगळा मजकूर दुसरीकडे चालेल अशा रूपात द्याल का? उत्तर लेखी मिळालं नाही, तर स्वस्तातलं कोटेशनही परत करा.