पावसाशी कोणी जिद्द करत नाही

अकोला

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली, काकूंनी लगेच लग्नाचा विषय काढला आणि ‘आता मी जिद्दीला पेटले आहे, सगळ्यांना दाखवूनच देते’ असं तू लिहिलंस. बरं वाटलं, थोडी काळजीही वाटली. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे मी शब्दात अडकतो, तेवढं सोसून घे.

जिद्द मूळची अरबी. तिकडे ‘ज़िद्द’ म्हणजे उलट, विरुद्ध. फारसीच्या वाटेने ती आपल्याकडे आली. हिंदीत ती हट्टापाशीच थांबली. तिथे ‘जिद्दी बच्चा’ ही आईची तक्रार असते. मराठीने मात्र तिला मानाचं पान दिलं. मुलगी जिद्दी आहे म्हटलं की आपल्याकडे बापाची छाती फुगते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जिद्दीला अजूनही समोर कोणीतरी विरुद्ध लागतंच. तुझ्या पत्रात बघ, पानोपानी काकू आहेत, राज्यघटना एकदाही नाही.

चिकाटी ही चिकट, चिकटणे याच कुळातली. तिला वैरी लागत नाही, काम लागतं.

दर्यापूरकडचं आपलं वावर खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, म्हणून सगळी भिस्त आभाळावर. सरकी टोबून झाली आणि पावसाने दडी मारली की अर्धे कोंब मातीतच करपायचे. मग तुझी आजी ओच्यात सरकी घेऊन तासातासाने चालायची. रोप नसेल तिथे वाकून दोन बिया, वर माती, पुढचं पाऊल. अशा नांग्या भरून झाल्या की डवरणीची तयारी. आभाळाला शिव्या देताना मी तिला ऐकलं नाही. पावसाशी कोणी जिद्द करत नाही. केली तरी त्याला कळत नाही.

जिद्द वाईटच, असं मात्र समजू नको. समोर अन्याय उभा असेल तर तीच हवी. 1927 मध्ये अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढा उभा राहिला, त्यात पापळचे पंजाबराव देशमुख पुढे होते. ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट घेऊन आलेला शेतकऱ्याचा मुलगा देवळाच्या दारात उभा राहतो, ती जिद्द. पण 1932 मध्ये त्यांनीच श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ते काम वेगळ्या जातीचं. वर्गणी, इमारत, मास्तर, खेड्यातल्या पोरांची राहण्याजेवणाची सोय, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिथे नुसत्या त्वेषाने भागत नाही.

आणि गाडगेबाबा? जन्म तुमच्या अमरावती जिल्ह्यातला, बालपण आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. (मामा उपयोगी पडतात, एवढंच सुचवतो.) 1905 मध्ये घर सोडलं आणि 1956 मध्ये वलगावजवळ देह ठेवला. मधली सगळी वर्षं हातात खराटा. आज झाडलेलं गाव उद्या पुन्हा घाण होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच!

तेव्हा काकूंना उत्तर देण्याची घाई सोड. तू उपजिल्हाधिकारी झालीस तरी त्या काहीतरी बोलतीलच, स्वभावाला औषध नाही. आणि राग फार टिकत नाही गं. दिवाळीत त्यांनी प्रेमाने दोन अनारसे पुढे केले की तो विरघळतो, मग पहाटे पाचला उठायचं कशाच्या जोरावर?

उत्तरतालिका समोर ठेव आणि मार्क कुठे गेले ते विषयवार काढ. इतिहासात गेले की भूगोलात, माहिती नव्हती की प्रश्नच नीट वाचला नाही, हे वेगवेगळं लिही. तो कागद मला येत्या आठवड्यात पाठव, काकूंचा मजकूर वगळून.

तुझा,
मामा