बिनतारी हाक

रुग्णालयात एखाद्या रोग्याला प्राणवायू देण्याची घाई असावी आणि सिलिंडरची गाडी नेमकी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसावे, हा प्रसंग मोठा बिकट होय. म्हणून काही ठिकाणी अशा गाडीला आगपेटीएवढी एक बिनतारी खूण बांधतात. तीत नाण्यासारखा ३ व्होल्टचा विद्युत्घट असतो. २०१० साली ठरलेल्या ‘ब्ल्यूटूथ ४.०’ या पद्धतीप्रमाणे ही खूण बहुतेक वेळ निद्रिस्त असते. मधूनच जागी होऊन सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरती हाक देते आणि पुन्हा झोपी जाते. भिंतीवरील ग्राहकयंत्रे ती हाक ऐकतात. हाक जोरदार असेल तर गाडी जवळ, क्षीण असेल तर दूर, असे अनुमान निघते.

परंतु हे अनुमान मोठे फसवे! मध्ये एखादा माणूस उभा राहिला, की त्याच्या शरीरातील पाणी लहरी शोषून घेते आणि जवळची गाडीही दूर भासते. त्यामुळे अनेक हाकांची सरासरी काढावी लागते. दर सेकंदाला १० हाका दिल्या, तर धावत्या गाडीचाही माग लागतो. पण घट लवकर संपतो, आणि मुक्या खुणेचा काय उपयोग? १० सेकंदांतून एकदाच हाक दिली, तर घट दीर्घकाळ टिकतो. मात्र तेवढ्यात गाडी शेजारच्या दालनात गेलेली असते.

यावर एक नामी युक्ती योजतात. खुणेत हालचाल ओळखणारे सूक्ष्म यंत्र बसवितात. गाडी उभी असता हाका विरळ येतात. ती चालू लागताच भराभर येऊ लागतात. सतत ऐकत राहण्याचे खर्चिक काम ग्राहकयंत्रांकडेच असते. त्यांना वीज भिंतीतील तारांतून मिळते.