विहिरीवरील डिझेल इंजिन सुरू न झाल्यास

पीक पाण्याला आलेले असता विहिरीवरील इंजिन सुरू होत नाही, असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. अशा वेळी नोझल किंवा पंप खोलण्याची घाई होते, ती टाळावी. या भागांची जुळणी अत्यंत सूक्ष्म असते व शेतातील धुळीने ते कायमचे बिघडतात.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबाने तापते व तीत फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणून प्रथम तेल व नंतर दाब पाहावा. टाकी पूर्ण रिकामी झाली म्हणजे नळीत हवा शिरते. मग टाकी भरली तरी इंजिन चालत नाही, कारण पंपाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो. चार बोटे तेल शिल्लक असतानाच टाकी भरणारा शेतकरी या त्रासातून सुटतो.

टाकीचा कॉक उघडून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू ढिला करावा. बुडबुडे थांबून तेलाची सलग धार आली की तो घट्ट करावा. पंपावरील स्क्रूचेही असेच करावे. नंतर दाब सोडण्याची कळ उचलून हँडल फिरवावे. नोझलमधून ‘चर्र’ असा आवाज आल्यास तेल पोहोचले असे समजावे. बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात मुळीच धरू नये. तो कातडीत शिरतो.

आवाज येऊनही इंजिन न लागल्यास कळ खाली करून हँडल हळू फिरवून पाहावे. ते आडकाठीवाचून सहज फिरले तर दाब व्हॉल्व्ह किंवा रिंगांतून निसटत आहे. ते काम मात्र फिटरकडेच सोपवावे.