चुकीच्या किमतीत मिळालेला मिक्सर परत करावा का?

प्रश्न : ४,५९९ रुपयांचा मिक्सर मला ऑनलाइन ४५९ रुपयांत मिळाला. आता विक्रेता फोन करून म्हणतो, 'किंमत चुकून पडली, परत करा.' काय करू?

उत्तर : पैसे भरले, बिल निघालं, वस्तू घरी आली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. तेव्हा धास्ती नको. चूक ओळखून ढिगाने माल मागवला असता, तर गोष्ट वेगळी. सिंगापुरात २००३ साली ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर संकेतस्थळावर ६६ डॉलरला दिसला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. चूक त्यांना ठाऊक होती, म्हणून न्यायालयाने ते करार रद्दबातल ठरवले.

तरीही बिलावर विक्रेत्याचं नाव बघा. मोठी कंपनी असेल तर मिक्सर खुशाल ठेवा. छोटा दुकानदार असेल तर ही खोट थेट त्याच्या खिशाला बसते; अशा वेळी परत करावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र वस्तू नेण्याचा खर्च त्याचा. परतीची नोंद अ‍ॅपमधूनच करा, फोनवर ओटीपी मुळीच देऊ नका. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.