शब्दजाती आणि समांतर रचना : एक घोषणा
‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची घोषणा आपण ऐकली असेल. २००९ साली या गावास सामूहिक वनहक्क मिळाले.

घोषणेची दोन्ही अंगे समांतर आहेत : स्थळ, सर्वनाम, आणि ‘सरकार’ हे नाम. ‘आमचे’ हे षष्ठ्यन्त रूप विशेषणाचे कार्य करते. ‘आम्ही’ मात्र उद्देश्य आहे. शंका वाटल्यास अध्याहृत क्रियापद परत आणावे : पहिल्या अंगात ‘आहे’, दुसऱ्यात ‘आहोत’. इंग्रजीत ‘अवर’ आणि ‘वी’ हा भेद राखतात. परंतु ‘इज’ व ‘आर’ गाळण्याची सोय तेथे नाही, आणि ती येताच समांतरता किंचित मोडते. ‘च’ या शुद्ध शब्दयोगी अव्ययासाठी तर ‘अवरसेल्व्ज’ असे स्वतंत्र सर्वनाम योजावे लागते.

आता ‘आम्हीच’च्या जागी ‘आमचेच’ घालून घोषणा पुन्हा वाचा आणि ग्रामसभेच्या हाती काय उरते ते लिहा.